यंत्राचा उपास

येलहंका, बेंगळूर
१८ ऑगस्ट २०२५

कावेरीअक्का,
पायांवर डोकं ठेवते. फोनवर तुम्हाला माझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता, म्हणून परत कागदच बरा. मागं मी फोनवर ओरडून सांगितलं, सुखदाचा गॅस सुरू झाला, तर तुम्ही म्हणालात, ओवा दे तिला. गिरीराज जेवता जेवता हसून ठसकला.

तर नीट सांगते. माझी नात सुखदा इंजिनेर झाली हे ठाऊक आहे तुम्हाला. ती ज्या कंपनीत आहे, ती कंपनी खरकट्यापासून गॅस करायची यंत्रं बसवते. पोरीनं स्वतः बसवलेलं पहिलं यंत्र कुठं आहे? आमच्याच आवारात! एकशे बारा घरं आहेत इथं. सकाळी घराघरातून हिरवी बादली खाली येते. त्यात ओला कचराच घालायचा, भाजीची देठं, केळ्याची सालं, उरलेला भात. ते सगळं वाटून, पाण्यात कालवून, मागच्या भिंतीपाशी जमिनीत टाकी आहे तिच्या तोंडात ओतायचं. वर काळा फुगा आहे, बसलेल्या म्हशीएवढा. तो फुगला की गॅस झाला म्हणायचं. नळीनं तो शेजारच्या खोलीत जातो. तिथं वॉचमन आणि झाडलोटीच्या बाया आपलं जेवण रांधतात. आधी बिचारी माणसं सकाळचं बांधून आणलेलं गार खायची. आता दुपारी तिथून जोंधळ्याच्या भाकरीचा वास येतो, आणि मला माहेर आठवतं. माझ्या आईच्या भाकरीला पदर सुटायचा, तुम्ही खाल्ली आहे, लग्नात. असो.

यंत्र चालवते शिवलीला. रायचूरकडची बाई, बोलते थोडं, हात मात्र भारी झरझर.

आणि मी काय करते? मी सकाळी सातला खाली खुर्ची टाकून बसते आणि एकेक बादली तपासते. चौथी शिकलेली बाई मी, पण बादलीत डोकावलं की घरातलं सगळं वाचता येतं. नव्या जोडप्याच्या बादलीत आख्खा डबा उलथलेला दिसला की समजायचं, रात्री वाजलं. परवा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णमूर्ती आले. मी काठीनं त्यांची बादली ढवळली तर म्हणाले, "अज्जी, आत काय सोनं शोधता?" मी म्हटलं, "सोनं नाही सापडलं हो, तुमची दुधाची पिशवी सापडली," आणि बादली परत दिली. लोक हसले. ते नाही हसले.

त्यांना हे यंत्र नकोच आहे. वास येतो म्हणतात. एका वर्षाच्या बोलीवर बसवू दिलंय. दोन नोव्हेंबरला सभा आहे. त्या दिवशी हात वर करून ठरणार, ठेवायचं की उपटून न्यायचं. उपटलं तर सुखदाचं पहिलंच काम मातीत गेलं. कंपनीत तिला दुसरं कोण देईल? पण तसं होणार नाही. मी बसलेय ना खुर्चीत!

तुमची,
मथुरा


नूल, ता. गडहिंग्लज
४ सप्टेंबर २०२५

मथुरे,
गौरी जेवून गेल्या, आता बसले लिहायला. तुझं पत्र सुनेनं वाचून दाखवलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या भावाची बायको लोकांचं उष्टं काठीनं ढवळत बसते? अण्णा असता तर काय म्हणाला असता? गिरीराजला विचार, आईला बसवायला घरात दिवाणखाना नाही काय? त्या सुखदेला म्हणावं, आजी म्हणजे फुकटचा शिपाई नव्हे.

गॅसचं मला कौतुक सांगू नकोस. आमच्या परसात शेणाचा गॅस वीस वर्षं जळतोय. पण शेण ते शेण. सारवायला चालतं, देवाला चालतं. आणि तुम्ही शहरातली माणसं रात्रीचा शिळा नूडल घालणार!

एकशे बारा घरांचं उष्टं बघतेस. घरी गेल्यावर अंघोळ तरी करतेस काय?

गुडघ्याचं तेल पाठवलंय. खुर्चीत बसून गुडघा धरेल, तेव्हा लाव.
कावेरी


येलहंका
३ ऑक्टोबर २०२५

कावेरीअक्का,
तेल पोचलं. बाटली फुटली नाही हे नवल.

मला कुणी बसवलं नाही हो. माझी मीच बसले. सुरवातीला लोक काय वाट्टेल ते घालायचे. एकानं तर पोराचा मोजा घातला. सुखदा रोज रबरी हातमोजे चढवून ते वेचायची. तिला बघून मला राहवलं नाही, मी खुर्ची उचलून खाली गेले. आता बादल्या अशा स्वच्छ येतात की बघत राहावं. पोरं मला बकेट अज्जी म्हणतात. मागच्या आठवड्यात शाळेची चाळीस पोरं यंत्र बघायला आली होती. वरून विमानदळाचं विमान गेलं तरी एकानं मान वर केली नाही, सगळी माझं ऐकत होती! बाई म्हणाल्या, "अज्जी, तुम्ही मास्तरीण होता का?" मी म्हटलं, "होय." खोटं बोलले. पण त्या दिवशी होते की.

आता दसऱ्याचं ऐका. तुमच्या लहानपणी इथं आयुधपूजा कशी व्हायची ते आठवतं ना? आता त्याच्या शंभरपट. आमच्या तळघरात गाड्याच गाड्या. प्रत्येक गाडीच्या चारी चाकांखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढं घेऊन चिरडायचं. प्रत्येक फाटकात कुंकू भरलेला कोहळा आपटायचा. दृष्ट उतरते. संध्याकाळी रस्त्यावर नुसता चिखल, स्कूटरवाले घसरतात. दर वर्षी ते सगळं कचऱ्याच्या लॉरीत जातं.

मी म्हटलं, आपलं यंत्र पण आयुधच की. त्याची पूजा नको? सुखदा दोन दिवस मैत्रिणींबरोबर म्हैसूरला गेली होती, शिवलीलेला सुट्टी. मी एकटीनं फुग्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग पाट्या घेऊन निघाले. आवारातले कोहळे, चाकांखालची लिंबं, आणि फाटकाबाहेर रिक्षा स्टँड आहे तिथली पण. रिक्षावाले म्हणाले, "अज्जी, लिंबाचं एवढं काय करणार?" मी म्हटलं, "नैवेद्य." अकरा पाट्या झाल्या हो! सगळ्या टाकीत घातल्या. लिंबाची सालं एरवी आम्ही बाजूला काढतो, सुखदाचा नियम आहे. पण ही पूजेची लिंबं. देवाच्या कामाची वस्तू कुणाला बाधते का?

रात्री फुगा टरारून फुगला. आवारात एक कोहळा पडलेला नाही, एक लिंबू नाही. कृष्णमूर्ती पण म्हणाले, "रस्ता यंदा साफ दिसतोय." मी गप्प बसले. सभेत सांगेन.
मथुरा


येलहंका
८ ऑक्टोबर २०२५

अक्का,
तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. मोठा घात झाला. यंत्र बंद पडलं.

फुगा फुगलेला दिसतो, पण चुलीला काडी लावली की फुस्स करून विझते. शिवलीलेनं आख्खी काड्यापेटी संपवली. सुखदानं टाकीतल्या पाण्यात कसलासा कागद बुडवला, तर तो तांबडा झाला. म्हणाली, "आजी, आत सगळं आंबलंय. जिवाणू मेलेत." त्या पाण्यात जिवाणू असतात म्हणे, खरकटं तेच खातात आणि गॅस करतात. कशानं मेले ते कळेना.

कृष्णमूर्तींनी सगळ्यांसमोर शिवलीलेला उभं केलं. "फिनेल ओतलंस का? बादली धुताना फिनेलचं पाणी आत गेलं का?" तिनं मान हलवली. नाही म्हणाली, एवढंच. ते म्हणाले, सभेत यंत्राचा विषय निघेल तेव्हाच हिला पण बदलू, दुसरी बाई बघू.

मला पण वाटलं हो, हिनंच काही तरी केलं असेल. सणाच्या दुसऱ्या दिवशी घाईत होती. मी एवढी पूजा केली, माळ घातली, तरी असं व्हावं? कुणाची दृष्ट लागली म्हणावी!

सुखदा जेवत नाही. वॉचमन आणि बाया परत गार भाकरी खातात.
मथुरा


नूल
९ ऑक्टोबर २०२५

मथुरे,
तुझं तीन तारखेचं पत्र आत्ता वाचून झालं. तशीच कार्ड लिहायला बसले.

अकरा पाट्या लिंबू? अगं बये, वेड लागलं काय तुला? आमच्या सुनेनं एकदा नासक्या लिंबाच्या लोणच्याची एक बरणी शेणाच्या गॅसात ओतली, तर महिनाभर आम्ही लाकडं जाळली. एक बरणी! तू तर दुधाच्या घागरीत लिंबू पिळून दही लागायची वाट बघत बसलीस. तुझं यंत्र आत्तापर्यंत बंद पडलं असेल. नसलं तर पडेल.

आता काही घालू नकोस. उपास घाल त्याला. ताज्या शेणाचा काला रोज एक बादली. आणि पोरीला आज सांग काय घातलंस ते. उद्या नव्हे, आज.
कावेरी


येलहंका
१५ ऑक्टोबर २०२५

अक्का,
तुमचं कार्ड काल आलं. वाचलं, परत वाचलं. मी! मीच! बादलीतलं एक लिंबाचं साल बघून लोकांना परत पाठवणारी बाई मी!

शेण आणलं. जुन्या येलहंकात एक गवळी आहे, त्याच्याकडनं दोन डबे. रिक्षावाला नाक दाबून म्हणाला, "अज्जी, डब्यात काय आहे? मेलेलं जनावर?" मी म्हटलं, "औषध आहे, गाडी चालव." सुखदानं बघितलं आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "आजी, मी शेणच शोधत होते. तुला कसं कळलं?" मी म्हटलं, नूलच्या आत्याआजीनं सांगितलं. तेवढंच सांगितलं. पुढचं तोंडातून निघेना.

कसं सांगू हो? इतकी वर्षं घरात मला कुणी कशात विचारलं नाही. भाजीत मीठ किती, एवढंच. आता एकशे बारा घरं मला विचारतात, "अज्जी, हे चालेल का, ते चालेल का?" लिफ्टमध्ये लोक जागा देतात. आणि मी सांगायचं की मीच घात केला?

सुखदा अजून फिनेलच शोधतेय. डबे हुंगते, बाटल्या तपासते. शिवलीलेनं काल आणि आज शेणाचा काला घातला, मुकाट. चूल काही पेटत नाही. सभेला अठरा दिवस राहिले.

वाटतं, शेणानं होईल बरं. मग सांगायची गरजच काय? तुम्ही म्हणाल ते करीन.
मथुरा


नूल
२० ऑक्टोबर २०२५

मथुरे,
आज नरकचतुर्दशी. अभ्यंग झालं आणि लगेच बसले, फराळ सुद्धा नंतर.

मी म्हणेन ते करशील म्हणतेस. मागच्या कार्डात म्हटलं होतं की, सांग! नाही केलंस.

ऐक. आमच्या टाकीत लोणचं गेलं, तेव्हा सून घाबरून दहा दिवस बोलली नाही. आम्ही वरून शेण ओततोय आणि आत तेलाचा तवंग, फोडी तरंगताहेत. बोलली तेव्हा झाकण काढून ते उपसलं, मग गॅस आला. वैद्याला खाल्लेलं सांगितलं नाही तर तो औषध कशाचं देणार? तुझी पोर फिनेलचं औषध शोधतेय, आणि आत लिंबं कुजताहेत.

आणि ती रायचूरची बाई. तिच्या जागी मी असते तर तुझ्या खुर्चीत शेण ओतलं असतं.

भाऊबीजेला अण्णाच्या फोटोला ओवाळीन. तू हे पत्र मिळताच उठ.
कावेरी


येलहंका
१३ नोव्हेंबर २०२५

कावेरीअक्का,
उशीर झाला लिहायला, पण लिहिण्यासारखं पण आता आहे.

तुमचं पत्र सत्तावीस तारखेला आलं. वाचलं, चष्मा पुसला आणि सुखदाच्या खोलीत गेले. एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "अकरा पाट्या? आजी, लिंबाच्या सालीत तेल असतं, त्यानंच जिवाणू मरतात. तीन आठवडे मी फिनेल हुंगत फिरतेय! पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "लाज वाटली." तिनं दार आपटलं. संध्याकाळी हातमोजे चढवले, शिवलीलेला घेऊन टाकीचं झाकण काढलं आणि मोठ्या चाळणीनं वरचा थर उपसला. दोन पाट्या सालं निघाली हो, काळी, बुळबुळीत. माझ्या झेंडूची माळ पण निघाली.

तेव्हा मी शिवलीलेला म्हटलं, "बाई, माझ्यामुळं तुला बोल लागला. माफ कर." ती हात धूत म्हणाली, "मला ठाऊक होतं, अज्जी. सुट्टीहून आले त्या दिवशी टाकीच्या तोंडाशी सालं अडकलेली होती. मीच काढली."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"मी सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं? म्हणाले असते, आपलं पाप बकेट अज्जीच्या डोक्यावर घालते."

अक्का, या वयात कुणी थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं.

दोन तारखेला सभा झाली. चूल तेव्हा पेटलेली नव्हती. सालं उपसून ताजं शेण घातल्याला पाचच दिवस झाले होते. त्र्याऐंशी घरांतून माणसं आली होती. कृष्णमूर्ती उभे राहिले. "यंत्र नाजूक आहे, महिनाभर बंद आहे, बाई निष्काळजी आहे. लॉरीच बरी." माना हलायला लागल्या. सुखदा कागद घेऊन उठत होती. मी तिचा पदर, म्हणजे ओढणी, खाली ओढली आणि मीच उठले.

कन्नडात बोलले, आपल्याला येतं तसं. म्हटलं, "यंत्र बिघडलं नाही. मी बिघडवलं. आयुधपूजेची अकरा पाट्या लिंबं आणि कोहळे मी आत घातले, नियम मोडून. नियम मला ठाऊक होता. शिवलीलेनं काही केलं नाही. तिला माहीत होतं, पण तिचं कुणी मानलं नसतं म्हणून ती गप्प राहिली. कृष्णमूर्ती सर, तुमची बादली मी परत पाठवली होती. आज माझी परत पाठवा."

मग तिसऱ्या मजल्यावरची दिव्यश्री म्हणाली, "अज्जी, आमचा कोहळा मीच तुमच्या पाटीत घातला. वर म्हटलं, बरं झालं, आपल्याला उचलायला नको." मागून एकजण म्हणाला, "मी चहाच्या पिशव्या घालतो, खाली दाबून." दुसरा म्हणाला, "तो मोजा आमचा होता." अय्यो, मग तर रांगच लागली! जो तो उठून आपलं सांगतोय, हसतोय. मी उभीच, बसायचं भानच राहिलं नाही.

कृष्णमूर्ती हसले नाहीत. ते खरं बोलणारे आहेत हो, वाकडे असले तरी. शिवलीलेला दारातून आत बोलावलं. म्हणाले, "अम्मा, मी चौकशी न करता बोललो. चूक झाली." मग सभेला म्हणाले, "म्हणजे यंत्र जे खातं तेच सांगतं. बिघाड आपल्यात आहे. आता हात वर करा." एकसष्ट हात, अक्का! मी मोजले, परत मोजले. त्यांचा हात शेवटचा, पण वर.

आणि आणखी एक ठरलं. टाकीत काय जायचं ते शिवलीला ठरवणार. सुखदानं मांडलं, सगळ्यांनी मानलं. फळ्यावर तिचं नाव लिहिलंय, कन्नडात. मी वाचलं. माझं नाव कुठंच नाही, आणि तरी छाती एवढी भरली की जिना चढताना दोनदा थांबले. पोरीचं यंत्र राहिलं!

काल दुपारी चूल पेटली. निळी ज्योत, पहिली एवढीशी, मग चांगली वीतभर. सुखदा चुलीसमोर उकिडवी बसून रडली. शिवलीलेनं पहिली भाकरी करून तिच्या हातात दिली, तव्यावरची, फुगलेली. अर्धी मला मिळाली.

आज सकाळी मी मोठ्या ऐटीत आमची बादली घेऊन खाली गेले. फ्लॉवरची दांडी होती, वांग्याची देठं होती. शिवलीलेनं बादलीत डोकावलं आणि म्हणाली, "अज्जी, अजून त्याचं पोट नाजूक आहे. हे बारीक चिरून आणा." माझ्या मागं सहा जण उभे होते. मी म्हटलं, "सरी, आणते," आणि बादली घेऊन लिफ्टनं वर आले.

आता पत्र इथं ठेवते. चिरायला बसते.
मथुरा